आत्तीचा इस्तू आणि माझी शेगडी

माझ्या बापानं लग्नात मला चार मुलींना देतात तेच दिलं. कपाट, मिक्सर, तांब्याचा हंडा आणि दोन बर्नरची गॅसची शेगडी. कपाटात दुसऱ्याच महिन्यात उंदीर शिरला. मिक्सर लाईट असली की चालतो, म्हणजे चालत नाही. हंडा पाण्याला लागला. शेगडी मात्र आठ वर्षं कोरी करकरीत राहिली, कारण ती पेटवायची नाही असा माझ्या सासूचा हुकूम होता. ती फळीवर, मीच विणलेला क्रोशाचा रुमाल अंगावर घेऊन बसलेली असायची. गणपतीच्या चवथीला तिच्यावर नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट ठेवायचे. एका पाहुण्यानं तर विचारलंसुद्धा, देवाचं आसन झकास हाय, कुठनं आणलं?

मी रामनगरची. मूळचे आम्ही खानापुराकडचे, पण बापानं रस्त्याला लागून दुकान टाकलं, खिळे, कोयते, पंपाचे पाईप असलं सगळं. दारातून गोव्याकडं जाणारे ट्रक चोवीस तास. हळू बोललं तर घरात कुणाला ऐकूच जायचं नाही, म्हणून जन्मापासून मी मोठ्यानं बोलते. लग्न होऊन आले ते कुंभारवाडा गावाच्या पलीकडं, रानातल्या सहा घरांच्या वाडीत. तिथं इतकं शांत, की माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटायचं. निम्म्या वेळा ते भांडणच असायचं, ती गोष्ट वेगळी.

सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. माझी आत्ती उंचीनं चार विती, पण चुलीसमोर बसली की फौजदार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि घराचा कायदा सांगितला. कायदा एकच. एका छपराखाली एकच चूल. दुसरी चूल पेटली म्हणजे घर फुटलं, भाऊ वेगळे निघाले, संपलं सगळं. आणि दुसरं, ही चूल कधी इझवायची नाही. संध्याकाळी जेवणं झाली की इंगळ राखेत पुरून ठेवायचे, सकाळी राख बाजूला सारून फुंकणीनं फुंकायचं.

"आणि इझली तर?" मी विचारलं.

"इझत न्हाई," आत्ती म्हणाली.

"पण समजा इझली?"

"समजू नको."

विस्तवाला ती इस्तू म्हणते. हा इस्तू साधासुधा नव्हता, त्यालाही घराणं होतं. आत्तीचं सासर आधी खाली नदीकाठी होतं, जे गाव आता धरणाच्या पाण्यात आहे. ती नवी नवरी होती तेव्हा ते गाव उठलं. लोकांनी देव घेतले, भांडी घेतली, दारांच्या चौकटीसुद्धा उपसून नेल्या. आत्तीच्या हातात तिच्या सासूनं एक मडकं दिलं. आत राख, राखेत इंगळ. दोन दिवस डोंगर चढून तिनं ते मडकं इथवर आणलं आणि या चुलीत ओतलं. डाव्या तळव्यावर मडक्याचा चटका बसला, त्याचा डाग अजून आहे. तेव्हापासून आमच्या घरात काड्यापेटी फक्त उदबत्तीला आणि मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, विडीला. मामा गेले, मग फक्त उदबत्तीला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा, खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दहाव्यांदा ऐकली तेव्हा जांभई आली. विसाव्या वेळेला मी आत्तीच्या आधी पुढचं वाक्य म्हणून दाखवलं, आणि फुंकणी माझ्या पाठीत बसता बसता राहिली.

आठ वर्षं मी ओल्या लाकडांशी भांडले. डोळे लाल, केसांना धुराचा वास, माहेरी गेले की भावजय नाकाला पदर लावायची. तरी मी सोसलं असतं, कारण मी काही कागदाची नाही. पण आत्ती खोकायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. फुंकणी तोंडाला लावली की अर्ध्या फुंकीत खोकला यायचा, आणि राख तिच्याच तोंडावर उडायची. परसातल्या विहिरीपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा दगडावर बसायची. विचारलं तर म्हणायची, "ऊन बघत्ये."

शेवटी नवऱ्याला हलवला. माझा नवरा फार भला माणूस आहे आणि त्याच्या सगळ्या भलेपणाचा एकच शब्द आहे, 'बघूया'. छपराला गळती लागली, बघूया. म्हैस आटली, बघूया. बाई, आई खोकून खोकून निळी पडायला लागली, तरी बघूया! मी म्हटलं, तुम्ही बघत बसा, मी तिला बेळगावला घेऊन चालले. मग आला मागून पिशवी घेऊन.

बेळगावच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं. फुंकण्यात आत्तीचा हात कोण धरणार, पण नळीतला गोळा जागचा हलला नाही. डॉक्टर कोवळा पोरगा होता. तो कानडीत म्हणाला, "अज्जी, होगे बेड." धूर नको, आजी. मग मला मराठीत समजावून सांगितलं, की धुरानं छाती खाल्लीय, औषधं देतो, पण चुलीसमोर बसली तर औषध म्हणजे पाण्यात पैसे.

आत्ती बाहेर येऊन म्हणाली, "मिशा बी फुटल्या न्हाईत अजून. ह्याला काय कळतंय."

घरी येऊन मी शेगडीवरचा रुमाल काढला. आत्तीनं तो परत घातला. असं दिवसातून तीन वेळा. तिच्याकडं कारणं तयार होती, आणि वाईट गोष्ट म्हणजे ती खरी होती. धूर नसला तर वाशांना वाळवी लागंल. माळ्यावरच्या बियाण्याला कीड लागंल. कोकमं वाळणार कशी? मी म्हणायचे, वाशाला वाळवी लागू दे, तुमच्या छातीला लागलीय तिचं काय? ती म्हणायची, छाती माझी हाय. घर सगळ्यांचं हाय.

मग मी डोकं लढवलं. माझे दोन दीर, एक गोव्यात फोंड्याला, एक पुण्यात. दोघांकडं गॅस. मी म्हटलं, "आत्ती, थोरल्या भाऊजींकडं गॅस हाय. मग घर फुटलं का?"

"न्हाई. गॅस म्हंजे चूल न्हवं."

"मग माझी शेगडी तरी चूल कशी?"

आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी अजून शाळेत जायला पाहिजे होतं. "त्यांचं भाड्याचं घर हाय गे. भाड्याच्या घरात काय पेटलं, काय इझलं, कोण इचारतंय? ह्या छपराखाली पेटलं की ती चूल."

वकील व्हायची सोडून ही बाई नाचणी कांडत बसली.

त्यातच आमच्याकडं ती होमस्टेची माणसं आली. हल्ली आमच्या जोयडा तालुक्यात जिकडं तिकडं होमस्टे. शेजारच्या वाडीतल्यानं काढलाय, त्याच्याकडं बेंगळूरची माणसं येतात, नदीत होडीतून उड्या मारतात आणि संध्याकाळी 'अस्सल' काहीतरी बघायला आमच्याकडं सोडली जातात. अस्सल म्हणजे आत्ती. एका बाईनं चुलीपुढं बसलेल्या आत्तीचा व्हिडिओ काढला. आत्ती खोकत होती, बाईंना वाटलं ते पण अस्सल. त्या म्हणाल्या, ह्या धुराच्या चवीची भाकरी आम्हाला कुठं मिळणार! मी म्हटलं, बाई, शेगडी देते, चूल न्या, आत्ती पण न्या. नवऱ्यानं मला आत ओढलं. आत्ती मात्र त्या दिवशी लई खूश होती. तिला एक माणूस तरी मिळालं, जे तिच्या बाजूचं होतं.

आता एक गोष्ट मी केली, ती सांगते, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते.

आमच्या घरात एके काळी अठरा माणसं जेवायची. आत्ताची आम्ही पाच, आत्ती, आम्ही दोघं, दोन मुली. पण आत्ती पेज शिजवायची ती त्याच मोठ्या तपेल्यात. उरलेलं म्हशीला, कुत्र्याला, वाटेनं जाणाऱ्या कुणालाही. त्या दिवशी लाकडं ओली होती, घर धुरानं भरलं होतं, ती तपेलं उचलायला गेली आणि खोकल्यानं वाकली. पेज सगळी जमिनीवर. मी धावत गेले, तिला उठवलं, आणि उठवता उठवता माझ्या तोंडातून सुटलं, "कुणासाठी रांधताय एवढं? घर फुटंल, घर फुटंल! घर कधीच फुटलंय, आत्ती! चूल एक हाय, पण माणसं कुठं हाईत? गणपतीला चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी गाडी धुवून जातात!"

ती खाली बसून सांडलेली पेज हातानं गोळा करायला लागली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी माझ्या ताटात टाकायची, पण माझ्याकडं न बघता. मोठ्यानं बोलायची सवय वाईट, नंतर ते शब्द परत आत घालता येत नाहीत. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

चौथ्या दिवशी ती गावकाराकडं गेली. गावकार म्हणजे आमच्या वाडीचा जुना जाणता. लग्न ठरवायचं, नवं भात खायचं, सगळं त्याला विचारून. त्याच्या मिशा वाडीत सगळ्यात मोठ्या, आणि तो बोलायच्या आधी त्या दोन्ही बाजूंनी पिळायचा, म्हणून त्याचं बोलणं कायम उशिरा सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी अंगणात बैठक बसली. विषय, गॅस ही चूल हाय की न्हाई.

दोन तास चर्चा. एकजण म्हणाला, राख पडत न्हाई, म्हणून चूल न्हाई. दुसरा म्हणाला, भाकरी फुगते, म्हणून चूल. नवरा म्हणाला, बघूया. मी ओट्यावर बसून सुपारी कातरत होते आणि सुपारीच्या जागी कोण कोण डोळ्यांसमोर येत होतं ते सांगत नाही. शेवटी गावकारानं मिशा पिळल्या आणि निवाडा दिला. इस्तू एक, तर चूल एक. ह्याच चुलीतला इस्तू घेऊन शेगडी पेटवली, तर ती दुसरी चूल न्हवं, ह्याच चुलीचा हात लांब केला म्हणायचं.

मी आनंदानं त्याला डबल साखरेचा चहा दिला. तेवढं करून थांबला असता तर बरं होतं.

पेटवायचा मान त्यालाच. रामनगरहून सिलिंडर आला, मी शेगडी पुसली, नारळ फोडला. गावकार चुलीतलं जळतं कोलीत घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, आधी कोलीत जवळ धरा, मग मी बटण फिरवते. पण देवाच्या कामात सुनेचं कोण ऐकतंय. त्यानं एका हातानं स्वतःच बटण पूर्ण फिरवलं आणि दुसऱ्या हातात कोलीत धरून गाऱ्हाणं घालायला सुरवात केली. रानातला देव, पाण्यातला देव, शिवेवरचा देव, बुडालेल्या गावातले सगळे देव. गॅस सूं सूं करतोय, हा देव मोजतोय. मी ओरडले, "गावकारमामा, पुरे!" तो म्हणाला, "थांब गे, जोगीण ऱ्हायली." आणि कोलीत खाली नेलं.

भप्पकन आवाज झाला. गावकार जिवाला वाचला. एक भुवई आणि अर्धी मिशी गेली. पुढं दोन महिने तो बोलायच्या आधी एकाच बाजूची पिळायचा. मला हसू आवरेना म्हणून मी गोठ्यात जाऊन बसले, तिथं बघते तर आत्ती आधीच येऊन पदर तोंडात कोंबून हसतेय. पेजेच्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदा बोललो, ते असं.

वाटलं, सुटले. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर शेगडी बारीक जळतेच आहे, वर भांडं नाही, काही नाही. मी बंद केली. आत्ती धावत आली. "इझवलीस? चुलीचा इस्तू इझवलीस?"

"अहो, तो गॅस हाय!"

"इस्तू हाय. चुलीतनं नेला तवाच ठरलं. तो इझवायचा न्हाई."

तिनं परत कोलीत आणून पेटवली, आणि मी पाठ फिरवली की ती जळतीच ठेवायची. दिवसा, रात्री, रिकामी. तो सिलिंडर पंधरा दिवसांत संपला. दुकानदार म्हणाला, वैनी, लगीन हाय का घरात? मी त्याला काय सांगणार कप्पाळ!

मग माझा आणि आत्तीचा तह झाला. गॅस म्हणजे पाहुणा. पाहुणा येतो, जातो, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. पण दर वेळी पेटवायचा तो चुलीतल्या इस्तवानंच, लायटरनं नाही. माझा लायटर तिनं ट्रंकेत घातला. आता बघा गंमत. धूर नको म्हणून गॅस. गॅसला इस्तू पाहिजे म्हणून चूल. चूल आहे म्हणून धूर. मी डोक्याला हात लावला आणि ओल्या लाकडांशी परत भांडायला बसले.

माघात आत्ती पडली. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडली, ओठ जांभळासारखे. शेजाऱ्याची जीप काढली. नवऱ्यानं तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. श्वास लागलेला, बोलता येईना, तरी तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं मुलींना बघ म्हणेल, म्हशीचं काही सांगेल. ती म्हणाली, "इस्तू संभाळ." जीप गेली. मी वाटेवर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "मरता मरता तरी दुसरं काही सुचू दे की हो!" आणि रडत घरात आले.

फोनला आमच्या घरात रेंज नाही. मागचा डोंगर चढून एका दगडावर उभं राहिलं की मिळते, त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिथून नवऱ्याला फोन लावला. तिला ऑक्सिजन लावला होता. त्याचा आवाज रडका. डॉक्टरनं त्याला सरळ सांगितलं होतं, की वाचली तर घरी पाठवतो, पण घरात धूर असेल तर पाठवत नाही. चुलीसमोर नको एवढंच नाही, घरातच धूर नको. पुढच्या वेळी असं झालं तर आणायची तसदी घेऊ नका.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"बघूया," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

मी त्या दगडावरच बसले. खाली आमचं छप्पर दिसत होतं आणि कौलांतून धूर. चूल पेटती ठेवली तर आत्ती घरी येत नाही. चूल इझवली तर आत्ती घरी येऊन मरते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्या दिवशी एक शिवी सुचली नाही.

खाली आले. चुलीतलं शेवटचं लाकूड जळत होतं. त्याचं कोलीत घेतलं, बटण आधी न फिरवता शेगडीजवळ धरलं, मग फिरवलं. निळा जाळ लागला. तो बारीक केला, अगदी मंद. आणि चूल तशीच निवू दिली. पाणी ओतलं नाही, माझा धीर झाला नाही. दुपारपर्यंत इंगळ राखाडी झाले, संध्याकाळी राखेत हात घातला तर गार. मी हात तसाच ठेवून बसले. आठ वर्षं जिला शिव्या दिल्या तिच्यासाठी मला रडू येईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं.

मग सुरू झालं माझं येडेपण. जे केलं म्हणून मी आत्तीला सगळ्या वाडीत नावं ठेवली होती, तेच मी करायला लागले. लहान बर्नर चोवीस तास मंद. स्वयंपाक मोठ्या बर्नरवर. खिडकी लावली, तरी वाऱ्यानं जाळ थरथरतो म्हणून दुसरी पण लावली. मुलींना शेगडीजवळ पळायचं नाही. मुली म्हणायच्या, आई, आजीसारखं काय करत्येस? अंथरूण स्वयंपाकघरात घातलं. दिव्यात इस्तू ठेवता आला असता, मला कळत नव्हतं असं नाही. पण आत्ती म्हणाली असती, दिवा देवाचा, त्याच्यावर पेज शिजत न्हाई. तिच्याशी भांडायचं तर ती नसतानाही तिची बाजू मला पाठ होती.

सातव्या दिवशी सिलिंडर हलका लागला. बदलायचा तर जाळ जाणार. मग निरांजन लावलं त्याच जाळावर, दोन्ही मुलींना दोन बाजूंनी पदर धरून उभं केलं, श्वास पण सोडायचा नाही म्हटलं, आणि रेग्युलेटर काढला. नवा लावताना रेग्युलेटर दोनदा तिरका बसला, बापाच्या दुकानात पाईप जोडणारी ती मीच का असं वाटलं. निरांजनावरून पेटवला. निळा जाळ लागला तेव्हा धाकटी टाळ्या वाजवायला गेली, तिला मी धपाटा घातला.

दहाव्या दिवशी जीप आली. मी चूल सारवून घेतली होती, वर रांगोळी काढली होती, का ते मला माहीत नाही. मेलेल्या बाईला नवं लुगडं नेसवतात तसंच काहीतरी झालं होतं ते. आत्ती अर्धी झाली होती. नवऱ्याला धरून पायऱ्या चढली, उंबऱ्यातच थांबली आणि हवा हुंगली. धुराचा वास नव्हता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागं. तिनं सारवलेली चूल बघितली, वाकली, आत हात घातला.

"आत्ती," मी घाईनं म्हणाले, "इस्तू हितं हाय. ह्याच चुलीतला. मी कोलितानं घेतला. एकदा पण इझला न्हाई, आईशप्पथ."

तिनं शेगडीकडं बघितलं. निळा जाळ, बोटाच्या पेराएवढा.

"किती दिस?"

"नऊ."

"वर काय शिजतंय?"

"काय न्हाई."

"रिकामी जळत्या? नऊ दिस?"

"व्हय."

"आणि तू निजलीस कुठं?"

मी कोपऱ्यातल्या अंथरुणाकडं हात केला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खुळी का काय गे तू," आणि शेगडीजवळ जाऊन बटण फिरवलं.

जाळ गेला. टिक असा बारीक आवाज झाला, बस. मी किंचाळले. खरंच किंचाळले, नवरा बाहेरून धावत आला. "आत्ती, काय केलंत! तुमचा इस्तू हो! तुमच्या गावाचा!" मी लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागले, आणि ज्या बाईचा इस्तू तिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"ओरडू नको, छाती दुखत्या माझी," ती म्हणाली. ट्रंक उघडली, कपड्यांखाली हात घालून माझा लायटर काढला. उलटा धरला. मी सुलटा करून दिला. दोनदा दाबला, ठिणगी पडली, जाळ नाही, कारण बटण फिरवायचं राहिलं होतं. तिसऱ्या वेळी लागला. तिनं त्याच्यावर चहाचं भांडं ठेवलं आणि पाटावर बसली, दम खायला. तळव्यावरचा जुना डाग अंगठ्यानं चोळत होती.

"आणला मी," ती म्हणाली. "इझवला बी मी. तुझ्या डोस्क्यावर काय न्हाई आता. चा बघ, उतू जाईल."